तीन शब्दांचे वाक्य, साडेचारशे वर्षांची वाट

#इतिहास #भाषा #धागा

१/
इ. स. १४५० च्या सुमारास एका जर्मन प्रवाशाने आपल्या प्रवासवहीत एक परके वाक्य टिपून ठेवले. ते फिनलंडच्या एका बिशपच्या तोंडचे आहे, एवढेच तो सांगतो; बिशपचे नाव मात्र लिहीत नाही. वाक्याचा आशय असा : फिनिश बोलण्याची मला मोठी हौस आहे, ती मला येत नाही. फिनिश भाषेतील आज ज्ञात असलेले सर्वांत जुने लिखित वाक्य हेच. भाषा येत नसल्याची कबुली हाच त्या भाषेचा पहिला लेखी नमुना ठरला. आणि तेही वाक्य व्याकरणदृष्ट्या चुकलेले आहे!

२/
बिशपची चूक नेमकी कोणती, हे समजण्यासाठी आज आपण फिनिशमधील एक अगदी सोपे वाक्य उलगडून पाहू. त्यानंतर दुसरा, अधिक अवघड प्रश्न विचारू : ज्या लोकांचा तो धर्मगुरू होता, त्यांची भाषा त्याला का येत नव्हती? आणि ती भाषा आपल्याच देशात राज्यकारभाराची पूर्ण अधिकारी भाषा होण्यास १९०२ साल का उजाडावे लागले? पहिल्या प्रश्नाचे उत्तर व्याकरणात आहे, दुसऱ्याचे इतिहासात.

३/
आपले वाक्य तीन शब्दांचे आहे : मिनॅ पुहुन सुओमेआ.
मिनॅ म्हणजे मी. पुहुन म्हणजे बोलतो किंवा बोलते. सुओमेआ म्हणजे फिनिश भाषा. फिनिश लोक आपल्या देशाला आणि भाषेला सुओमी म्हणतात. फिनलंड हे नाव बाहेरचे.
उच्चाराचा नियम सुटसुटीत आहे : प्रत्येक शब्दाच्या पहिल्या अक्षरावर जोर द्यायचा, आणि लिहिलेले जवळजवळ जसेच्या तसे उच्चारायचे.

४/
प्रथम क्रियापद पाहू. धातू पुहु-. त्याला पुरुषवाचक प्रत्यय लागतात :
पुहुन : मी बोलतो
पुहुत : तू बोलतोस
पुहू : तो किंवा ती बोलते
पुहुम्मे : आम्ही बोलतो
पुहुत्ते : तुम्ही बोलता
पुहुवात : ते बोलतात
कर्ता कोण हे प्रत्ययच सांगतो. म्हणून नुसते ‘पुहुन सुओमेआ’ म्हटले तरी वाक्य पूर्ण होते. ‘उद्या येतो’ एवढ्यावर भागवणाऱ्या मराठी माणसाला हे नवल वाटू नये.

५/
वरच्या भाषांतरात मला बोलतो की बोलते हे निवडावे लागले. फिनिश माणसाला ते लागत नाही. तेथे व्याकरणिक लिंग नाहीच. तो आणि ती या दोहोंसाठी ‘हॅन’ हे एकच सर्वनाम. भविष्यकाळासाठी वेगळे रूपही नाही. ‘उद्या बोलतो’ या अर्थीही वर्तमानकाळच चालतो. म्हणजे फिनिश ही केवळ भयंकर अवघड भाषा आहे, ही समजूत अपुरी आहे. कोणत्याही भाषेप्रमाणे ती एकीकडे सोपी आणि दुसरीकडे बारकाव्यांची आहे.

६/
बारकावे आहेत ते नामाच्या बाजूला. फिनिशमध्ये साधारणपणे पंधरा विभक्ती मोजल्या जातात. आकडा ऐकून घाबरायला होते. पण ‘तालो’ म्हणजे घर हा शब्द घेऊन पाहा :
तालोस्सा : घरात
तालोस्ता : घरातून
तालोओन : घरात (बाहेरून आत)
तालोल्ला : घरापाशी
तालोल्ता : घरापासून
तालोल्ले : घराकडे
तीन रूपे आतली आणि तीन बाहेरची. प्रत्येक गटात असणे, निघणे आणि जाणे असे तीन भाव. यात मोठी शिस्त आहे.

७/
घरात, घरातून, घराला, घरी असे म्हणणाऱ्या मराठी भाषकाला ही शिस्त परकी नाही. आणखी एक ओळखीची गोष्ट पाहा. माझे घर आहे हे सांगताना इंग्रजीला ‘बाळगणे’ या अर्थाचे क्रियापद लागते. मराठीत तसे नाही. माझ्याकडे, माझ्यापाशी, मला असे म्हणून पुढे ‘आहे’ जोडतो. फिनिशही तसेच करते : मिनुल्ला ओन तालो. शब्दशः अर्थ, माझ्यापाशी आहे घर.

८/
प्रत्यय लागताना मूळ शब्द बदलतो, हेही आपल्याला ठाऊक आहे. पाणी, पण पाण्यात; देऊळ, पण देवळात. यालाच आपण सामान्यरूप म्हणतो. फिनिशमध्ये पाण्याला ‘वेसी’ म्हणतात. पाण्यात म्हणायचे झाले तर ‘वेदेस्सॅ’. सुओमी या शब्दातील शेवटचा इकारही प्रत्ययापूर्वी एकार होतो : सुओमे-आ.
मात्र तालोस्सा मध्ये शेवटी आ आणि वेदेस्सॅ मध्ये ॲ का? कारण प्रत्ययातील स्वर मूळ शब्दातील स्वरांशी जुळवून घेतो. यास स्वरसंगती म्हणतात.

९/
आता मुद्द्यावर येऊ. सुओमेआ मधला तो शेवटचा ‘आ’ काय सांगतो?
ही अंशवाचक विभक्ती आहे. कर्म पूर्ण हाती आले की अपुरे, क्रिया संपली की चालू, याचा हिशेब ती ठेवते. किर्या म्हणजे पुस्तक. ‘लुएन किर्यान’ म्हणजे मी पुस्तक संपूर्ण वाचीन, वाचून काढीन. ‘लुएन किर्याआ’ म्हणजे मी पुस्तक वाचतो आहे. शेवटपर्यंत पोहोचेन की नाही, याबद्दल वाक्य मुग्ध आहे.
मराठी हा भेद क्रियापदावर दाखवते : वाचतो आणि वाचून काढतो. फिनिश तो नामावर दाखवते.

१०/
या विभक्तीचा स्वतःचाही इतिहास आहे. फार पूर्वी तिचा अर्थ ‘पासून’, ‘कडून’ असा होता. त्याची खूण आजही काही जुन्या रूपांत उरली आहे : कोतोआ म्हणजे घरून, काउका-आ म्हणजे दुरून. ढिगातून थोडे उचलले तर उरलेला ढीग तेथेच असतो. ‘त्यातून काही’ या अर्थावरून ‘त्याचा काही अंश’ आणि पुढे ‘अपुरी क्रिया’ असा अर्थविस्तार झाला. व्याकरणाच्या प्रत्ययातही काळाचे थर असतात ते असे.

११/
म्हणून ‘मी फिनिश बोलतो’ या वाक्यात भाषा नेहमी अंशवाचक विभक्तीत येते. भाषा कोणी पूर्ण बोलून संपवत नाही.
आमच्या बिशपचे चुकले ते इथेच. भाषा या अर्थाचा किएली हा शब्द त्याने ‘किएलेन’ असा पूर्ण कर्माच्या रूपात वापरला; तेथे ‘किएल्तॅ’ हवे होते. दोन उपवाक्यांना जोडणारा ‘पण’ही राहून गेला. फिनिश शिकणारे परदेशी आजही याच चुका करतात. म्हणजे बिशपने आपल्याला भाषा येत नसल्याचे सांगितलेही, आणि दाखवूनही दिले!

१२/
पण वाक्याचा नकार त्याने बरोबर साधला होता. फिनिशमध्ये ‘नाही’ हे अव्यय नसून क्रियापद आहे, आणि ते पुरुषानुसार चालते : एन, एत, एइ, एम्मे, एत्ते, एइवॅत. मुख्य धातू मात्र प्रत्ययाविना स्थिर राहतो.
मिनॅ एन पुहु : मी बोलत नाही
सिनॅ एत पुहु : तू बोलत नाहीस
हे एइवॅत पुहु : ते बोलत नाहीत
नाही, नाहीस, नाहीत! मराठीतही ‘बोलत’ स्थिर राहते आणि प्रत्यय नकाराला लागतो. इंग्रजीतून फिनिश शिकणाऱ्याला जे विचित्र वाटते, ते आपण रोज करतो.

१३/
येथे सावध राहणे आवश्यक आहे. साम्य म्हणजे नाते नव्हे. मराठीतील ‘नाही’ हा न आणि आहे यांच्या संयोगातून झाला. फिनिशचे नकारार्थी क्रियापद तिच्या उरली भाषाकुलाचा प्राचीन वारसा आहे. एस्टोनियन, सामी आणि हंगेरियन या त्या कुलातील भाषा. १७७० मध्ये हंगेरियन जेझुइट यानोश शायनोविच यांनी सामी व हंगेरियन यांचे नाते मांडले. १७९९ मध्ये शामुएल ग्यारमाथी यांनी व्याकरणाच्या आधारे हंगेरियन आणि फिनिश गटाचे नाते दाखवले. शब्दांच्या वरवरच्या सारखेपणापेक्षा प्रत्ययांची तुलना अधिक विश्वासार्ह असते, हा धडा तेव्हापासून रुजत गेला.

१४/
नाते नसले तरी शेजार मात्र होता. हजारो वर्षांपूर्वी या कुलातील लोकांचा इंडो-इराणी भाषा बोलणाऱ्यांशी संपर्क आला, आणि काही शब्द तिकडे गेले. फिनिशमध्ये शंभराला ‘सता’ म्हणतात. आपल्या ‘शत’ शब्दाशी त्याचे मूळ जुळते. हातोड्याला ‘वसरा’ म्हणतात. ते ‘वज्र’ शब्दाच्या जुन्या रूपावरून आले, असे भाषाभ्यासक मानतात. राजाला ‘कुनिंगास’ म्हणतात. प्राचीन जर्मानिक शब्दाचा जो शेवट जर्मन आणि इंग्रजीत झिजून गेला, तो फिनिशने जपून ठेवला.

१५/
आता दुसरा प्रश्न. बिशपला फिनिश का येत नव्हती?
बाराव्या-तेराव्या शतकांपासून फिनलंड स्वीडनच्या राज्याचा भाग बनत गेले. चर्चची भाषा लॅटिन, कारभाराची व वरच्या वर्गाची स्वीडिश. बिशपच्या काळी तेथील धर्मगुरूंपैकी बहुतेक स्वीडिश भाषकच होते. शेतात, जंगलात, घरात बोलली जाणारी फिनिश लिहिण्याची कोणाला गरज वाटली नाही. ती अवघड होती म्हणून नव्हे; ती बोलणाऱ्यांच्या हाती कागद नव्हता म्हणून.

१६/
हे चित्र प्रथम बदलले धर्मसुधारणेने. लोकांना धर्मवचन त्यांच्याच भाषेत कळले पाहिजे, हा मार्टिन ल्यूथरचा आग्रह. विटेनबर्ग येथे शिकून आलेल्या मिकाएल आग्रिकोला यांनी १५४३ मध्ये फिनिशमधील पहिले मुद्रित पुस्तक, मुळाक्षरांची पोथी, काढले. १५४८ मध्ये नव्या कराराचे भाषांतर छापले. एकही पुस्तक नसलेल्या भाषेत त्यांना शब्दलेखनापासून सारे स्वतः ठरवावे लागले. १५५७ च्या ९ एप्रिलला, मॉस्कोहून तहाच्या वाटाघाटी आटोपून परतताना त्यांचे निधन झाले. तो दिवस आज फिनिश भाषादिन म्हणून पाळला जातो.

१७/
पुढे १६४० मध्ये तुर्कु येथे विद्यापीठ निघाले, १६४२ मध्ये संपूर्ण बायबल फिनिशमध्ये आले, आणि १६४९ मध्ये एस्किल पेत्रेउस यांचे पहिले मुद्रित फिनिश व्याकरण प्रसिद्ध झाले. मात्र ते लॅटिनमध्ये लिहिलेले होते, आणि लेखक जन्माने स्वीडनचे. अर्थात ते फिनिश शेतकऱ्यासाठी नव्हते. ज्याला ही भाषा येत नाही अशा सुशिक्षितासाठी होते. दोनशे वर्षांपूर्वीच्या बिशपला ते उपयोगी पडले असते!

१८/
यातून एक विचित्र विभागणी दृढ झाली. फिनिश माणूस देवाची प्रार्थना स्वतःच्या भाषेत करू शकत होता. पण न्यायालयात त्याच्या जमिनीचा निवाडा स्वीडिशमध्ये लिहिला जाई. शाळेत पुढे शिकायचे तर स्वीडिश शिकणे भाग. जो शिकला, तो बहुधा स्वीडिश भाषकच होऊन गेला. अशा रीतीने समाजातील प्रत्येक होतकरू मुलगा भाषेपासून तोडला जात होता. आपल्या कागदावर काय लिहिले आहे, हे स्वतःला कळू नये, ही काही लहान गोष्ट नव्हे.

१९/
१८०९ मध्ये राजकीय नकाशा बदलला. रशियाशी झालेल्या युद्धात हरून स्वीडनने फिनलंड गमावले. झार अलेक्झांडर पहिला याने त्यास स्वायत्त महासंस्थानाचा दर्जा दिला; जुने कायदे कायम राहिले, आणि कारभाराची भाषाही स्वीडिशच राहिली. पण स्टॉकहोमशी असलेली नाळ तुटली होती. आपण स्वीडिश उरलो नाही, रशियन होणार नाही. मग आपण कोण? या प्रश्नाने तरुण विद्वान अस्वस्थ झाले. फिनिशकडे नव्याने पाहण्याची सुरुवात येथून झाली.

२०/
सम्मात्ती गावच्या शिंप्याचा मुलगा एलियास ल्योनरोट पेशाने वैद्य होता. पूर्वेकडील करेलिया प्रांतात पायी हिंडून त्याने लोकगीते जमवली आणि त्यांतून १८३५ मध्ये ‘कालेवाला’ हे महाकाव्य सिद्ध केले. १८४९ मध्ये त्याची वाढवलेली आवृत्ती निघाली. जी भाषा पश्चिमेच्या बोलींवर लिहिली जात होती, तिला आता पूर्वेकडील शब्दसंपत्ती मिळाली. बोलींचा वाद बराच रंगला. शेवटी सांगाडा पश्चिमेचा आणि भर पूर्वेची, अशी तडजोड झाली.

२१/
आधुनिक विषयांसाठी शब्द हवे होते. परके शब्द उचलण्याऐवजी घरच्या धातूंपासून नवे घडवले गेले. किर्या म्हणजे पुस्तक, त्यावरून किर्याल्लिसूस म्हणजे साहित्य. किएली म्हणजे भाषा आणि ओप्पी म्हणजे विद्या, यांपासून किएलिओप्पी म्हणजे व्याकरण. हे दोन्ही शब्द ल्योनरोटच्या नावावर जमा आहेत. ज्या भाषेत व्याकरण या संकल्पनेला स्वतःचा शब्द नव्हता, तिला तो एका वैद्याने दिला.

२२/
या चळवळीचा तात्त्विक पुढारी मात्र निराळाच होता. योहान विल्हेल्म स्नेलमन यांचा जन्म १८०६ मध्ये स्टॉकहोमचा, मातृभाषा स्वीडिश. १८४४ पासून कुओपियो येथून काढलेल्या ‘साइमा’ या पत्रात त्यांनी ठासून मांडले, की सुशिक्षित वर्गाने जनतेची भाषा स्वीकारल्याखेरीज राष्ट्र उभे राहणार नाही. आणि हे मांडले ते स्वीडिशमध्येच! कारण ज्यांना पटवायचे होते, ते फिनिश वाचत नव्हते. ‘मिनॅ पुहुन सुओमेआ’ हे वाक्य या पिढीतील अनेकांना प्रौढपणी शिकावे लागले.

२३/
सत्तेला याची धास्ती वाटली नाही असे नाही. युरोपात १८४८ च्या क्रांतीची आग पेटल्यावर, १८५० मध्ये फरमान निघाले : फिनिशमध्ये केवळ धर्म आणि शेती-व्यवसायविषयक मजकूरच छापावा. भीती फिनिश व्याकरणाची नव्हती. शेतकरी काय वाचील, याची होती. हा निर्बंध दशकभरात मोडीत निघाला. मध्यंतरी १८५८ मध्ये युवॅस्क्युलॅ येथे पहिली फिनिश माध्यमाची माध्यमिक शाळा सुरू झाली.

२४/
१८६३ मध्ये स्नेलमन सिनेटचे सभासद झाले. त्याच वर्षी झार अलेक्झांडर दुसरा फिनलंडात आला असता १ ऑगस्ट रोजी हॅमेनलिन्ना येथे भाषाविषयक आज्ञापत्रावर त्याची सही झाली. फिनिश भाषक जनतेशी थेट संबंध असलेल्या व्यवहारांत फिनिशला स्वीडिशच्या बरोबरीचा हक्क मिळाला. अंमलबजावणीस वीस वर्षांची मुदत, १८८३ अखेरपर्यंत. यात झारचा हिशेबही होता : फिनिश बळावली, तर स्वीडनची ओढ ओसरेल.

२५/
अंमल सोपा नव्हता. न्यायाधीश, कारकून, जमीनमोजणी अधिकारी या साऱ्यांना नव्याने भाषा शिकावी लागली. अनेकांनी चालढकल केली. १८८० च्या गणनेत स्वीडिश भाषक सुमारे १४ टक्के होते, पण कचेऱ्या त्यांच्याच हाती होत्या. अखेर १९०२ मध्ये दोन्ही भाषांचा दर्जा पूर्णपणे समान झाला. १९०६ मध्ये स्नेलमन यांच्या जन्मशताब्दीनिमित्त हजारो लोकांनी आपली स्वीडिश आडनावे टाकून फिनिश आडनावे घेतली. स्वतंत्र फिनलंडच्या १९१९ च्या राज्यघटनेने दोन्हींना राष्ट्रभाषा मानले, आणि आज स्वीडिश भाषक सुमारे ५ टक्के असतानाही ती तरतूद टिकून आहे.

२६/
ही कथा केवळ विजयाची म्हणून सांगितली, तर ती अर्धीच राहील. सर्व स्वीडिश भाषक सत्ताधारी नव्हते. किनाऱ्यावरचे कोळी आणि शेतकरीही तीच भाषा बोलत. आणि उत्तरेकडे राहणाऱ्या सामी लोकांच्या मुलांना विसाव्या शतकात वसतिगृहाच्या शाळांतून फिनिशच शिकावी लागली; अनेकांची मायबोली तेथेच सुटली. सामी भाषांसाठी स्वतंत्र कायदा अमलात आला तो १९९२ मध्ये. ज्या भाषेने उपेक्षा सोसली, तिनेच दुसऱ्या भाषांची उपेक्षा केली. फिनिशच्या नात्यातल्याच त्या भाषा!

२७/
आता पुन्हा आपल्या वाक्याकडे. बिशपच्या काळी जी विभक्ती होती, तीच आजही आहे. नकाराचे क्रियापद तेच आहे. प्रत्यय साधारण तेच आहेत. फिनिश अधिक सोपी झाली म्हणून न्यायालयात पोहोचली नाही. बदलले ते एवढेच, की ती शिकण्याची गरज कोणाला आणि तिच्यात लिहिण्याचा अधिकार कोणाला, हे निराळ्या रीतीने ठरले. एखादी भाषा ज्ञानास वा कारभारास अपुरी आहे असे कोणी म्हटले, की व्याकरण उघडण्यापूर्वी त्या काळातील शाळा आणि कचेऱ्या कोणाच्या हाती होत्या, ते पाहावे.

२८/
जाता जाता एक सराव. ‘तू फिनिश बोलत नाहीस’ हे वाक्य फिनिशमध्ये कसे होईल? लागणारे सर्व शब्द वर आलेले आहेत. एकच इशारा : नकार आला, की कर्म हटकून अंशवाचक विभक्तीत जाते. शेवटचा ‘आ’ विसरू नका. एका बिशपची तशीच चूक साडेपाचशे वर्षांहून अधिक काळ लोकांच्या लक्षात राहिली आहे.

(धागा समाप्त)